मागच्या ओळीतली शाळा

साल १९३८. कोजागिरी होऊन तीन दिवस झालेत आणि तुम्ही दहा वर्षांचे आहात. गाव गोदावरीच्या उत्तर काठाला, अंबड तालुक्यातलं. जालना जिल्हा अजून जन्मालाच आलेला नाही, तो १ मे १९८१ला होईल. सध्या तुमचा जिल्हा औरंगाबाद, राज्य हैदराबादच्या निजामाचं, आणि आजोबांच्या कनवटीला त्याचाच हाली सिक्का.

"ऊठ रे लेका, काकडा लागला." आजीनं जात्यावरून उठायचेही कष्ट घेतलेले नाहीत, बसल्या जागेवरून हाक दिली आहे. तुम्ही घोंगडं अंगाभोवती गुंडाळून देवळाकडं पळता. आत कापडाच्या पिळलेल्या वाती तुपात भिजवून पेटवल्यात, उजेड तेवढाच. तुमची जागा ठरलेली आहे : सगळ्यात मागं, भिंतीला लागून. इथं नाव कुणी लिहून घेत नाही, फी मागत नाही, हजेरी मांडत नाही. पुढं उभ्या असलेल्या माणसाची पाठ हाच तुमचा फळा.

आज पहिल्यांदा शेजारच्या म्हाताऱ्यानं हातात टाळ दिलेत. पितळ गार आहे आणि दोरी तुमच्या बोटांना लांब पडते. तुम्ही उत्साहानं दोन्ही टाळ एकमेकांवर सपाट आपटता. फप्प असा मेलेला आवाज निघतो, कारण हवा आत कोंडून बसली. म्हातारा भजन न थांबवता तुमची मनगटं धरतो, एक टाळ थोडा तिरपा करतो आणि दोन ओळींच्या मधल्या श्वासात सांगतो, "कडंला कड लाव. अन् लगीच उघड." पुढच्या आवर्तनात टाळ खणखणतो. तेवढाच आजचा धडा. तो आता परत सांगणार नाही, कारण सांगायची गरज उरलेली नाही.

पलीकडं पखवाजी डाव्या पुडीला ओली कणीक थापतोय. ती कणीक तुम्ही घरून आणलीत, म्हणून त्याच्याजवळ बसायचा हक्क तुम्हाला मिळालाय. हातोडीनं तो गट्टे वरखाली सरकवतो, उजव्या शाईवर बोट टेकवून ऐकतो, पुन्हा ठोकतो. पखवाजाला हात लावायची मुभा नाही. आठ मात्रांचा ठेका तुम्ही मांडीवर वाजवायचा, तोही हळू. मांडीवरचा चुकला की त्याला न बघताही कळतं आणि त्याची मान नकारार्थी हलते. दोन वर्षं असं गेलं की एखाद्या पहाटे तो बाजूला सरकेल आणि म्हणेल, "बस."

भूपाळ्या होतात. मग वासुदेव येतो, आंधळा येतो, पांगळा, मुका, बहिरा, जोगी, सगळे आपापली चाल घेऊन. त्यांच्यामागून गवळणी. कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत, महिनाभर, हाच क्रम. आज तिसऱ्या दिवशी तुम्हाला फक्त ध्रुपदं येतात. पंधरवड्यानं अंतरे तोंडात बसतील, पौर्णिमेपर्यंत कोणत्या चालीनंतर कोणती लागते हे झोपेतही सांगाल. कुणी पाठ करून घेतलेलं नसेल. लोकसंगीताचा इतका नेटका अभ्यासक्रम मला दुसरीकडं कुठं दिसलेला नाही : एकाच बैठकीत भिक्षेकऱ्याची चाल, नाचाची चाल, रडण्याची चाल, आणि महिनाभर रोजची उजळणी.

दिवस उगवला की तुम्ही मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, जाल. पुढच्या इयत्तांत गणित आणि भूगोल उर्दूतून शिकावं लागेल, निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण त्याच भाषेत आहे. उर्दू गोड भाषा आहे, तिच्याशी तुमचं भांडण नाही. पण तुमची स्वतःची मराठी, तिची वळणं, तिचे चारशे वर्षं जुने शब्द तुम्हाला मिळतात ते या पहाटेच्या ओळीत. सभा घ्यायला सरकारची परवानगी काढावी लागते त्या काळात गाव रोज अंधारात एकत्र येतं आणि मोठ्यानं गातं, ही गोष्ट लहान नाही.

आता एक करा. टाळ तसेच हातात राहू द्या आणि साडेतीनशे वर्षं मागं चला. शहागडावरून गोदेच्या काठाकाठानं वरच्या अंगाला निघा, दोन दिवसांत पैठण येईल. नाथांचा वाडा. एकनाथ महाराज १५३३ ते १५९९ या काळातले, म्हणजे तुम्ही त्यांना उतारवयात बघताय. ते कीर्तनाला उभे आहेत आणि समोर गर्दी सगळ्या जातींची. मात्र तुम्ही नाथांकडं नका बघू, गर्दीच्या कडेला बघा. गोंधळी आहे, संबळ खाली ठेवून बसलेला. पिंगळा जोशी आहे. वाघ्या-मुरळी आहेत. मोरपिसांच्या टोपीचा वासुदेव आहे. नाथांनी भारुडं रचली ती या लोकांच्या तोंडून बोलणारी, शंभराहून अधिक विषयांवर. शब्द नाथांचे, अध्यात्म नाथांचं. चाल कुणाची? गोंधळ्याच्या चालीवर नुसते नवे शब्द ठेवून भागत नाही. संबळ कुठं थांबतो, तुणतुण्यावर श्वास कुठं घ्यायचा, दिवटीवाल्यानं कधी गिरकी घ्यायची, हे आधी कळावं लागतं. माझी खात्री आहे की पैठणचा हा पंडित गोंधळ्यासमोर शिष्य होऊन बसला असणार. कडेला बसलेली माणसं तिथली गुरुजी होती. तुमच्या गावच्या काकड्यात वासुदेव आणि जोगी येतात ते या कडेवरून आलेले आहेत.

तुकोबांनी तर स्वतःच सांगून ठेवलंय की आरंभी ते दुसऱ्यांच्या कीर्तनात मागं उभं राहून ध्रुपद धरत. ज्यांच्या अभंगांशिवाय पुढं कीर्तन क्वचितच उभं राहिलं, ते मागच्या ओळीत घडले.

परत या, १९३८ सालात. देवळातून घरी आलात की जातं अजून चालूच आहे. आजीच्या हातावर तुमच्या धाकट्या बहिणीचा हात, दोघींच्या मुठीत एकच खुंटा. आजी ओवी टाकते, बहीण शेवटचा शब्द उचलते. ही दुसरी शाळा, आणि ही तुमच्या शाळेच्याही आधी भरते. देवळात सगळे पुरुष. बायका दाराशी बसून ऐकतात, टाळ त्यांच्या हाती येत नाही. जात्याशी मात्र कुणाची सत्ता नाही. तिथं भावाची वाट बघता येते, सासूला टोमणा मारता येतो, विठ्ठलाला अरेतुरे करता येतं. नदीच्या खालच्या अंगाला गंगाखेड आहे, जनाबाईंचं गाव, म्हणजे या काठाला जात्यावरचं गाणं साडेसहाशे वर्षांचं नातलग आहे. बहीण आठ वर्षांची आहे आणि तिनं काल स्वतःची एक ओवी जोडली. ती लिहून ठेवायचं कुणाच्याच मनात आलं नाही.

आणखी एक बघायचं राहिलं. देवळाच्या ओट्याखाली, जिथं वातींचा उजेड पोचत नाही, तिथंही एक मुलगा उभा होता, तुमच्याच वयाचा. त्याला सगळा काकडा पाठ आहे. त्याच्या जातीला पायरी चढायची बंदी आहे, म्हणून त्याच्या हातात टाळ कधीच येणार नाही. चोखोबांचा अभंग ओळीत गायला जातो आणि चोखोबांच्या लेकरानं तो खालून ऐकायचा. ही शाळा मला जिवापाड प्रिय आहे, पण तिनं या मुलाला बाहेर ठेवलं हे सांगितल्याशिवाय तिचं कौतुक मला करवत नाही.

१९४६. तुम्ही अठरा वर्षांचे, ओठावर मिशी आणि गळा मोकळा. जालन्याच्या स्टेशनात छोट्या लाइनीची गाडी धरता, मनमाडला बदलता, पुण्याला उतरून आळंदीपर्यंत चालत जाता. वारकरी शिक्षण संस्था. विष्णुबुवा जोग महाराजांनी ती १९१७ साली काढली, आणि तीन वर्षांत, १९२०ला, त्यांनी देह ठेवला. तरुणपणी तालमीत घुमलेला हा माणूस, त्यानं चार वर्षांचा अभ्यासक्रम आखला : ज्ञानेश्वरी, गाथा, अमृतानुभव, त्याच्या जोडीला गायन आणि मृदंग. शिकवणी फुकट. जेवण माधुकरीचं. झोळी घेऊन तुम्ही दारोदार उभे राहता, पहिल्या दिवशी लाजता, आठवड्यानं कोणत्या घरची भाकरी जाड असते ते ओळखू लागता. पहाटे इंद्रायणीच्या घाटावर पाठांतर, दुपारी पाठ, संध्याकाळी एकानं कीर्तनाला उभं राहायचं आणि बाकीच्यांनी टाळकरी व्हायचं. गावाकडं मनगट धरून जे शिकलात त्याला इथं नाव मिळतं, कारण मिळतं, शिस्त मिळते. मराठवाड्याला हे नवं नाही, जोग महाराजांच्या पहिल्या शिष्यांतले बंकटस्वामी बीडकडचे, नेकनूरचे.

चार वर्षांनी घरी येता तेव्हा राज्य बदललेलं आहे. १७ सप्टेंबर १९४८चा हैदराबाद मुक्तीचा दिवस मधल्या काळात होऊन गेला. गावकरी तुम्हाला महाराज म्हणायला लागतात आणि पहिलं काम सांगतात : सप्ताह बसवा. सात दिवस, सात रात्री. वीणा खाली टेकवायची नाही, पहारे लावायचे. पहाटे काकडा, दिवसभर पारायण, दिवेलागणीला हरिपाठ, रात्री कीर्तन, त्यावर जागर. जेवणाच्या पंगती वाटून घेतलेल्या, शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन. महिनाभराचा काकडा ही प्राथमिक शाळा मानली तर सप्ताहात परीक्षाही होते आणि जत्राही. पंचक्रोशीतल्या गावांचे टाळकरी येतात, कुणाची पावली कशी पडते ते सगळे बघतात आणि आपल्या गावात तशी पाडून पाहतात.

आता अंगातला माणूस बदला. १९८३, १४ एप्रिल, बाबासाहेबांच्या जयंतीची रात्र, जालना शहर. तुम्ही ओट्याखालच्या त्या मुलाचे नातू आहात. मोंढ्यात हमाली करून वडील दमलेत तरी धुतलेला सदरा घालून आलेत. वस्तीत मंडप आहे, स्टेजवर दोन गायन पार्ट्या, हार्मोनियम, ढोलकी, कोरसला चार-चार पोरं. एका पार्टीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं जवाब द्यायचा, आणि पहाट होईपर्यंत हटायचं नाही. वामनदादा कर्डकांचं नाव इथं ज्याच्या-त्याच्या तोंडी. १९२२ साली सिन्नरजवळ देशवंडीत जन्मलेले, मोठेपणी अक्षरं शिकलेले, मराठवाड्यातली गावंच्या गावं पायाखाली घातलेले. त्यांच्या मागं कोरस धरता धरता कितीतरी जण गायक झाले.

तुम्हाला कोरसात घेतलंय. ढोलकीवाला मान वळवून सांगतो, "शब्द गिळू नको. बाबासाहेब लोकाला कळले पाहिजेत." तो ठेका तुमच्या हातांना ओळखीचा वाटतो, कारण आजोबा घरात तो मांडीवर वाजवत. खालून ऐकलेली चाल इथं वर आली आहे आणि तिच्यावर आता वेगळं, स्वतःचं म्हणणं आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा झगडा पेटून पाच वर्षं झालीत, घरं जळालेली माणसं श्रोत्यांत बसलीत. या मंडपात बाया कडेला नाहीत, मधोमध आहेत. नदीपलीकडं माजलगावच्या भीमनगरात बाया जात्यावरसुद्धा बाबासाहेबांच्या ओव्या गायच्या. त्या ध्वनिमुद्रित झाल्या, कारण पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. तोवर बहुतेक गावांत पिठाची गिरणी आली होती आणि जाती परसात उलथी पडली होती. गिरणीनं बायांचे खांदे वाचवले, त्याबद्दल मी तिला कधी बोल लावणार नाही. पण पहाटेचा तो वर्ग सुटला तो सुटलाच, आणि त्याच्या बदल्यात मुलींना दुसरी जागा द्यायचं गावाला सुचलं नाही.

शेवटी पुन्हा माणूस बदला आणि आजच्या दिवसात या. काकड्याचं तेच गाव, आता घनसावंगी तालुक्यात, सप्ताहाची बैठक. तुम्ही चाळिशीचे, समितीत. पहिला तास मंडप, साउंड आणि कोणत्या महाराजांची तारीख मिळते यात गेला. बिदागीचा आकडा ऐकून तुमच्या पोटात कालवतं. कीर्तनाचे पैसे घेणाऱ्याला आणि देणाऱ्यालाही तुकोबांनी किती कडक सुनावलंय ते या खोलीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. गावची तीन मुलं आळंदीला शिकायला आहेत. तिथं आता जोग महाराजांच्या संस्थेखेरीज खासगी वसतिगृहंही खूप झालीत. कोवळं पोर घरापासून दूर ठेवलं तर महिन्याला एकदा जाऊन ते कसं राहतंय ते डोळ्यांनी बघून यावं, हे तुम्ही बजावून सांगता. त्यावर माना डोलतात.

मग तुम्ही तुमचं म्हणणं मांडता. रात्रीच्या कीर्तनाला दोन-दोन हजार माणूस बसतं, उभं मात्र कुणी राहत नाही. टाळकरी बाहेरून ठरवून आणतो आपण. माइक टाळकऱ्यांच्या पुढं, भोंगे गावभर, त्यामुळं मागं कुणी चुकलं तर सगळ्या गावाला ऐकू जातं, म्हणून मागं शिकाऊ पोराला उभंच करत नाही कुणी. शिकायची जागाच बंद झाली. तेव्हा एवढं करा : काकड्याला साउंड लावायचा नाही. आणि मागची एक ओळ पोरांची, गावातल्या सगळ्या वस्त्यांमधली पोरं. पोरींसकट.

"पोरी?" एक जण विचारतो.

"व्हय. नववीतली ती आपल्या भीमनगरची पोरगी पखवाज शिकायचा म्हणून दोनदा घरी येऊन गेली."

खोलीत थोडी कुजबुज होते. दोघं-तिघं मोबाइलमध्ये बघू लागतात. सगळ्यात वयस्क टाळकरी, ज्यांचे गुडघे आता पावलीला साथ देत नाहीत, ते वहीतल्या खर्चाच्या पानावर बोट ठेवतात.

"कणकीचं अन् टाळांचं सांगा आधी. ओळ पोरांची म्हणता, तर वीस जोड तरी लागतील. बिदागीतून कापा ते पैशे. अन् त्या पोरीला उद्या चारला धाडा, मी असतो देवळात."