सीपॅन

सीपॅन : पर्ल या संगणकीय भाषेतील मॉड्यूलांचा सार्वजनिक संग्रह. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह पर्ल आर्काइव्ह नेटवर्क’ या नावाचे हे लघुरूप असून, युनिक्सवर पर्लमध्ये काम करण्याची सिद्धता बव्हंशी या संग्रहातून हवी ती मॉड्यूले उतरवून बसवण्यावर अवलंबून असते. मॉड्यूल म्हणजे इतर प्रोग्रॅमना जसाच्या तसा वापरता येईल असा, स्वतंत्र नावाच्या फाइलीत बांधलेला आज्ञासंच होय.

लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पर्लला मॉड्यूलांची आजची व्यवस्था १९९४ च्या पाचव्या आवृत्तीत मिळाली. टेक या अक्षरजुळणी-प्रणालीसाठी सीटॅन हा संग्रह आधीच अस्तित्वात होता. त्याच धर्तीवर यार्को हिएतानिएमी यांनी १९९५ मध्ये फिनलंडमधील फुनेट या शैक्षणिक जाळ्यावर सीपॅन उभारला आणि त्याच्या प्रतिकृती अन्य देशांतील सर्व्हरांवर ठेवल्या जाऊ लागल्या. लेखक आपले काम आंद्रेआस क्योनिग यांनी घडवलेल्या ‘पॉझ’ या व्यवस्थेमार्फत संग्रहात चढवतात. तेथे मॉड्यूलाच्या नावावरील हक्क प्रथम नोंदवणाऱ्याकडे राहतो, मात्र आतील मजकुराची गुणवत्ता कोणी तपासत नाही. ही उणीव अनेक प्रणालींवर मॉड्यूले चालवून निकाल कळवणाऱ्या ‘सीपॅन टेस्टर्स’ या स्वयंसेवकांनी बरीचशी भरून काढली आहे.

मॉड्यूल संकुचित गठ्ठ्याच्या रूपात मिळते. तो उलगडल्यावर त्यातील ‘मेकफाइल.पीएल’ ही फाइल पर्लकडून चालवून घेतली जाते. ती संबंधित यंत्रावर पर्ल कोठे आहे, ती कोणत्या कंपायलरने बांधली गेली आणि फाइली कोठे जायच्या आहेत हे पाहून ‘मेकफाइल’ नावाची कृतिसूची तयार करते. पुढे स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत लिहिलेला ‘मेक’ हा प्रोग्रॅम त्या सूचीनुसार बांधणी, चाचणी आणि स्थापना अशी कामे करतो. घाईत चाचणी गाळण्याकडे कल असतो, तो घातक होय. कारण लेखकाच्या यंत्रावर चाललेले मॉड्यूल आपल्या यंत्रावर चालेल की नाही, हे त्याच टप्प्यावर कळते. ‘सीपॅन’ ही आज्ञा, किंवा तात्सुहिको मियागावा यांची अधिक सुटसुटीत ‘सीपॅनएम’ ही आज्ञा, हे सारे आपोआप पार पाडते आणि एका मॉड्यूलाला लागणारी दुसरी मॉड्यूलेही शोधून आणते.

तरीही स्थापना अडते, आणि पुष्कळदा दोष पर्लचा नसतोच. काही मॉड्यूलांचा गाभा सी भाषेत असतो आणि ‘एक्सएस’ नावाच्या सांधणीने तो पर्लला जोडलेला असतो. अशा वेळी यंत्रावर सी कंपायलर तर लागतोच, शिवाय ज्या ग्रंथालयाशी (तयार फंक्शनांच्या संचाशी) मॉड्यूल जोडायचे त्याच्या हेडर फाइलीही, म्हणजे त्यातील फंक्शनांची घोषणापत्रे, लागतात. ‘एक्सएमएल::पार्सर’ला एक्सपॅट हे ग्रंथालय हवे असते. डेबियन या लिनक्स-वितरणावर कंपायलर व मेक ‘बिल्ड-इसेन्शियल’ या पॅकेजातून आणि हेडर फाइली नावाअखेर ‘डेव्ह’ असलेल्या पॅकेजांतून मिळतात. मॅकवर कंपायलर ॲपलच्या कमांड लाइन टूल्समधून येतो.

मॉड्यूल कोठे बसवावे हा प्रश्न त्याहून महत्त्वाचा. पर्ल मॉड्यूल शोधताना ‘इंक’ या यादीतील डिरेक्टऱ्या क्रमाने पाहते. युनिक्स प्रणालीसोबत आलेली पर्ल मात्र त्या प्रणालीची स्वतःची साधनेही वापरत असतात; उदाहरणार्थ, डेबियनचे ‘डेबकॉन्फ’. म्हणून रूट या सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या नावाने तिच्यात नवी मॉड्यूले मिसळणे म्हणजे पॅकेज-व्यवस्थापकाच्या नकळत त्याच्या घरात फेरबदल करणे होय. ‘लोकल::लिब’ने मॉड्यूले वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीत ठेवून तो पत्ता ‘पर्ल५लिब’ या पर्यावरण-चलातून पर्लला कळवणे, किंवा ‘पर्लब्रू’ने स्वतंत्र पर्लच बांधून घेणे, हे दोन्ही मार्ग अधिक निर्धोक आहेत. २०१७ मधील ५.२६ या आवृत्तीत सुरक्षिततेसाठी चालू डिरेक्टरी ‘इंक’मधून वगळण्यात आली; तिच्यावर विसंबलेली जुनी मॉड्यूले बसवण्यापुरता तो बदल मागे घेण्यासाठी ‘पर्ल_यूज_अनसेफ_इंक’ हे पर्यावरण-चल ठेवलेले आहे.