न्हाणीघराची फरशी : काळ्या पाषाणापासून मोरबीच्या टाइलपर्यंत

१/ घराचे नूतनीकरण निघाले की सर्वाधिक वाद बहुधा सर्वांत लहान खोलीवरून होतो. न्हाणीघराला पांढरी टाइल घ्यावी की करडी, चकचकीत की खरखरीत, सिरॅमिक की व्हिट्रिफाइड? सातारा-सांगलीच्या पट्ट्यात या प्रश्नाचे उत्तर वेळोवेळी बदलत गेले. खाण, रेल्वे, रोगाची साथ, स्वदेशीची चळवळ आणि कृष्णेचा पूर अशा अनेक गोष्टींचा त्यात वाटा आहे. त्या बदलांचा हा मागोवा.

२/ पहिली सामग्री पायाखालचीच होती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून घडलेला बेसॉल्ट, म्हणजेच दख्खनचा काळा पाषाण. साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारा मोटांची विहीर वीरूबाई भोसले यांनी इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधविली. तिचे चिरे आजही पाण्यात उभे आहेत. घट्ट पोताचा हा दगड पाणी फारसा शोषत नाही. मात्र तो तितकाच कठीण असल्यामुळे त्याच्या प्रत्येक सपाट चिऱ्यामागे वडार आणि पाथरवटांचे कष्ट असत.

३/ जुन्या वाड्यांत न्हाणी सहसा तळमजल्यावर, मागच्या बाजूला असे. त्याचे कारण साधे होते. लाकडी तुळया आणि मातीच्या पाटणीवर रोज पाणी सांडणे परवडणारे नव्हते. खाली दगडी फरशी, शेजारी तांब्याचा बंब, पुढे घंगाळ, आणि ढाळावरून वाहणारे पाणी परसातल्या केळी-अळूला. दगडावरील टाकीचे घाव ओल्या पायाला पकड देत. त्याच घावांत शेवाळही धरे आणि ते घासून काढण्याचे काम घरातील स्त्रियांच्या वाट्याला येई.

४/ त्या न्हाणीची एक खूण आधुनिक बांधकामातही टिकून आहे. जमिनीवरचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या जाळीच्या सापळ्याला भारतीय स्थापत्य अभियांत्रिकीच्या इंग्रजी पुस्तकांतही ‘नहाणी ट्रॅप’ असेच म्हणतात. खोलीचे ‘बाथरूम’ झाले, पण तिच्या तळाशी जुना शब्द राहिला.

५/ दुसरा दगड दुरून आला. भीमेच्या खोऱ्यातील शहाबाद हे तेव्हा निजामाच्या राज्यातील गाव. मुंबईहून सोलापूरमार्गे जाणारा लोहमार्ग १८७१ मध्ये रायचूरला पोहोचला आणि शहाबाद त्या मार्गावर आले. इकडे पुण्याहून कऱ्हाड-मिरजमार्गे लोंढ्याकडे जाणारा मीटर गेज मार्ग १८९० च्या सुमारास पूर्ण झाला. पुढे १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी पंढरपूरहून मिरजेला आली. जड मालाची दूरवर ने-आण आता शक्य झाली होती.

६/ शहाबादी फरशी हा चुनखडक. खाणीत तो नैसर्गिक थरांतच निघतो, त्यामुळे सपाट लाद्या मिळवण्यासाठी पाषाणाएवढे घाव घालावे लागत नाहीत. हाच तिच्या स्वस्ताईचा पाया. करड्या शहाबादीने मोरी, ओटा आणि अंगण व्यापले. आंध्रातून आलेल्या काळ्या कडप्प्याने पुढे स्वयंपाकघर जिंकले. खाणीत जो रंग निघे तोच घराचा रंग ठरे. निवडीला फारसा वाव नव्हता.

७/ पांढरा रंग आला तो भीतीमुळे. रोग जंतूंमुळे होतात, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वमान्य होऊ लागला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि त्याची मोठी झळ सातारा जिल्ह्यालाही बसली. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे रुग्णालय १८९४ पासून उभे होते. युरोपात याच सुमारास रुग्णालये आणि दुग्धशाळांच्या भिंतींवर पांढऱ्या चकचकीत टाइल चढत होत्या. पांढऱ्यावर मळ लपत नाही, हाच त्या रंगाचा गुण मानला गेला.

८/ रंगीत नक्षीच्या फरशा मात्र श्रीमंतांच्या आणि सार्वजनिक वास्तूंच्या. १८७२ मध्ये खुल्या झालेल्या, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मुंबईतील संग्रहालयाची जमीन इंग्लंडच्या मिंटन टाइलची आहे. या आयातीला उत्तर म्हणून १९२२ मध्ये फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी भारत टाइल्सची स्थापना केली. सिमेंटमध्ये खनिज रंग मिसळून, साच्यात दाबून आणि भट्टीऐवजी पाण्यावर पक्की होणारी ही स्वदेशी फरशी होती.

९/ हेच स्वदेशीचे वारे कृष्णाकाठीही वाहत होते. औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा काच कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला. किर्लोस्करवाडीत १९२६ मध्ये सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. तो मुख्यतः शेतासाठी असला, तरी पाणी उंचावर चढवण्याचे हेच तंत्र पुढे घराच्या गच्चीवरील टाकीपर्यंत आले. नळ आणि शॉवर आल्यावर भिंती भिजू लागल्या. घंगाळाच्या काळात टाइल लागत नव्हती, ती आता कमरेपर्यंत आणि नंतर छतापर्यंत चढली.

१०/ स्वातंत्र्यानंतर, १९५८ मध्ये, एच अँड आर जॉन्सन (इंडिया) ही कंपनी स्थापन झाली आणि चकचकीत टाइल मध्यमवर्गाच्या आवाक्यात येऊ लागली. तिच्या विजयामागे रसायनशास्त्रही आहे. जड पाण्याचे क्षार काढण्यासाठी घरोघरी अॅसिड वापरले जाते. चुनखडक आणि सिमेंटची फरशी अॅसिडने झिजते, तर टाइलची चकाकी टिकते. मात्र दोन टाइलमधील सांधा सिमेंटचा असेल तर अॅसिड तो पोखरते. गळतीचे मूळ अनेकदा तिथेच असते.

११/ आजची बहुतांश टाइल गुजरातच्या मोरबीहून येते. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड यांतील खरा फरक पाणी शोषण्याचा आहे. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या ०.५ टक्क्यापर्यंतच पाणी शोषते. भिंतीची नेहमीची सिरॅमिक टाइल १० टक्क्यांहून अधिक शोषू शकते. म्हणून भिंतीची टाइल जमिनीला लावणे ही चूक ठरते. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल मात्र ओली झाली की निसरडी होते. वृद्ध असलेल्या घरात जमिनीला मॅट टाइलच हवी.

१२/ सांगलीत या निवडीची आणखी एक परीक्षा होते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपलीकडे गेले. २००५ आणि २०२१ चे पूरही शहराच्या स्मरणात आहेत. पूर ओसरल्यावर घरात गाळ उरतो. तेव्हा टाइलच्या रंगापेक्षा ढाळ किती आहे, सांधे किती घट्ट आहेत आणि फरशी किती लवकर धुऊन सुकते, हेच महत्त्वाचे ठरते.

१३/ आता दुकानांत सर्वाधिक उठून दिसते ती करडी, काळसर, दगडासारखी छापलेली टाइल. ज्या पाषाणाला आणि शहाबादीला घराबाहेर काढले, त्यांचेच चित्र यंत्राने छापून परत आणले जात आहे. पूर्वी दगडाचा खरखरीतपणा, चकचकीत टाइलची स्वच्छता आणि मनाजोगता रंग यांतून एकच काहीतरी पदरात पडे. आज हे तिन्ही एकत्र मिळू शकते. मात्र त्यासाठी दुकानात नमुना हातात घेतल्यावर तो एकदा ओला करून त्यावर पाय ठेवून पाहावा लागतो. काळ्या पाषाणाच्या न्हाणीत ही परीक्षा रोज होत असे.

(समाप्त)