चित्रांतले आईबाप

शहरांतल्या एखाद्या लहान मुलाला "तुझे वडील काय करतात?" असें विचारावें, तर "कामावर जातात" एवढेंच उत्तर पुष्कळदां मिळतें. तेथें जाऊन ते दिवसभर काय करतात, हें त्याला ठाऊक नसतें. कुंभाराच्या किंवा सोनाराच्या मुलाला ही अडचण नव्हती. बापाचें काम घराच्या ओटीवरच चाले. काम घराबाहेर गेलें आणि तें मुलांच्या दृष्टीआड झालें. मग तें दाखविण्याचा भार चित्रांच्या पुस्तकावर येऊन पडतो. हा भार पुस्तकांनीं कसा वाहिला, तें आज पाहूं.

मुलांच्या सचित्र पाठ्यपुस्तकांचा आरंभ ज्या ग्रंथापासून मानण्यांत येतो, तो 'ऑर्बिस सेन्सुआलियम पिक्टस', म्हणजे इंद्रियगोचर जगाचें चित्र. त्याचा कर्ता यान आमोस कोमेनियस हा १५९२ सालीं मोराव्हियांत जन्मला. लहानपणींच त्याचे आईबाप वारले; पुढें स्वधर्मासाठीं १६२८ सालीं त्याला स्वदेशही सोडावा लागला. हंगेरींत शारोशपाटक येथें अध्यापन करीत असतां त्यानें हें पुस्तक रचिलें व १६५८ सालीं तें न्युरेंबर्ग येथें छापून निघालें. दीडशें पाठ, लॅटिन व जर्मन मजकूर शेजारीं शेजारीं, आणि चित्रांतील वस्तूंवर आंकडे. तोच आंकडा मजकुरांतील शब्दापाशीं. शेतकरी, विणकर, शिंपी, सुतार, गवंडी, लोहार हे सारे आपापल्या हत्यारांसह त्यांत काम करीत असलेले दिसतात.

आईबाप व मुलें यांवर त्यांत एक स्वतंत्र पाठ आहे. पाळणा, खुळखुळा, पांगुळगाडा यांना आंकडे आहेत. न ऐकणाऱ्या मुलाला मिळणाऱ्या छडीलाही आहे! अगदीं शेवटच्या आंकड्यापाशीं बाप दिसतो. तो कष्ट करून मुलांना पोसतो, असें तेथें सांगितलें आहे. आईचें काम मात्र जन्म देणें व दूध पाजणें एवढ्यावरच थांबतें.

या पाठानंतर तीनशें तीन वर्षांनीं, १९६१ सालीं, अमेरिकेंत ईव्ह मेरियम या लेखिकेचें 'मॉमीज ॲट वर्क' हें पुस्तक निघालें. चित्रें बेनी मॉन्त्रेसोर यांचीं. त्यांत घर सांभाळणाऱ्या आया आहेत, तशाच पूल बांधणाऱ्या व गुरांचे कळप राखणाऱ्याही आहेत. परंतु एका पुस्तकानें रीत बदलत नाहीं. १९७२ सालीं लेनोर वाइट्झमन व त्यांचे सहकारी यांनीं तेथील नामांकित 'कॅल्डिकॉट' पारितोषिकाचा मान मिळालेलीं अलीकडचीं चित्रपुस्तकें तपासलीं. त्यांत नोकरी किंवा व्यवसाय करणारी एकही स्त्री आढळली नाहीं. प्रत्यक्षांत त्या काळीं लाखों अमेरिकन माता नोकरीवर जात होत्या!

लहान मूल चित्राला प्रमाण मानतें. ज्या कामाला चित्रांत जागा नाहीं, तें कामच नव्हे, अशी त्याची समजूत होऊन बसते. मग तें काम कचेरींतील असो कीं चुलीपाशींचें असो. म्हणून मुलाच्या हातीं पुस्तक देतांना त्यांत कोण काम करीत आहे आणि कोण नुसतें उभें आहे, हें पालकांनीं एकदां पाहावें. जें काम पुस्तकांत नसेल, तें त्यांनीं स्वतःच्या तोंडानें मुलाला सांगावें: सकाळीं काय केलें, दुपारीं काय अडलें, कोणाच्या साहाय्यानें तें निभावलें. हें सांगावयास चित्रकार लागत नाहीं.