रुमालांतील रद्दी : जुन्या महाराष्ट्रांतील नित्यशिक्षणाचीं कांहीं साधनें

जुन्या दप्तराचा रुमाल सोडला म्हणजे संशोधकाचा हात प्रथम कोणत्या कागदाकडे जातो हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. सनदा, महजर, निवाडपत्रें, करिने, राजकारणाचीं पत्रें हीं वेगळीं निघतात, त्यांच्या नकला होतात, त्यांवर टिपणें लिहिलीं जातात. रुमालाच्या तळाशीं मात्र बहुधा एक गठ्ठा उरतो. एकच मायना पांचसात वेळां गिरविलेला बंद, पावकी-निमकीच्या पाढ्यांचा तुकडा, बेरीज चुकल्यामुळें खोडलेला जमाखर्च, जुन्या पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर काढलेल्या मोडी अक्षरांच्या ओळी, असा तो ऐवज असतो. यादी करणारा त्यावर 'किरकोळ' असा शेरा मारतो आणि पुढच्या रुमालाकडे वळतो.

हा अपराध आम्हीं स्वतः केला आहे. कागद निवडण्याच्या आमच्या पहिल्या वर्षांत एका कुळकर्णी घराण्याचें दप्तर पाहण्याचा योग आला. वतनाचे कागद आम्हीं मागून आणले आणि गिरवण्यांचा गठ्ठा 'यांत कांहीं नाहीं' असें सांगून मालकाच्या हवालीं परत केला. पुढें आणलेल्या कागदांतील एका निनावी पत्राचें हस्ताक्षर ओळखण्याची गरज पडली, व तें त्या गिरवण्यांशीं ताडून पाहावें असें मनांत येऊन दोन वर्षांनीं पुन्हा त्या घरीं गेलों. आमच्याच शब्दावर विश्वासून मंडळींनीं तो गठ्ठा बंबांत घातला होता. त्या पत्राचा लेखक आजतागायत ठरला नाहीं. प्रस्तुत लेख त्या चुकीची अल्पशी भरपाई समजावी.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें. जुन्या महाराष्ट्रांतील माणूस लिहिणें, हिशेब व व्यवहार शिकला तो मुख्यतः शाळेंत नव्हे, तर कामांत; आणि एका वयांत नव्हे, तर जन्मभर. या शिक्षणाचा लेखी पुरावा आपण ज्यास रद्दी म्हणतों त्याच कागदांत आहे, इतरत्र फारसा नाहीं.

शाळा नव्हत्या असें मात्र नाहीं. पंतोजींची शाळा देवळांत, धर्मशाळेंत किंवा एखाद्या सधन गृहस्थाच्या ओसरीवर भरे. धूळपाटीवर अक्षरें काढावीं, मोठ्या मुलानें धाकट्यास सांगावें, सायंकाळीं सर्वांनीं एका सुरांत उजळणी म्हणावी, हा तिचा क्रम होय. पेशवाई बुडाल्यावर मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें इ. स. १८१९ मध्यें जिंकलेल्या मुलखाविषयीं अहवाल लिहिला. त्यांत सर्व शहरांत व पुष्कळ खेड्यांत शाळा असल्याचें त्यानें नमूद केलें आहे. पण वाचन ब्राह्मण, वाणी व शेतकरीवर्गापैकीं ज्यांचा हिशेबाशीं संबंध येतो तेवढ्यांपुरतेंच असल्याचेंहि तो सांगतो. इ. स. १८२९ च्या सुमाराच्या मोजणींत मुंबई इलाख्यांत सुमारे १,७०० शाळा व ३५,००० विद्यार्थी भरले. लोकसंख्या सुमारे ४७ लक्ष होती. म्हणजे दर १३३ माणसांमागें शाळेंत जाणारा एक. हा आंकडा घेऊन एक पक्ष जुन्या काळीं सर्वत्र अंधार होता असें म्हणतो, व दुसरा पक्ष खेडोपाडीं शाळा होत्या म्हणून अभिमान धरतो. दोघेहि शाळाच मोजतात. एल्फिन्स्टनच्या वाक्यांतील मर्म 'ज्यांचा हिशेबाशीं संबंध येतो' या शब्दांत आहे. ज्याला ज्याचें काम पडलें तो तें शिकला. काम जेथें चालत होतें ती जागा मात्र कोणत्याच मोजणींत आली नाहीं.

ती जागा म्हणजे प्रथमतः दप्तर. शाळेंत बाळबोध व मोडी अक्षर आणि पाढे इतकें पदरीं घेऊन मुलगा बापाच्या, चुलत्याच्या अथवा ओळखीच्या कारकुनाच्या शेजारीं बसे. यास उमेदवारी म्हणत. प्रथम बोरू तासावा, शाई घोटावी, कागदावर ओळी आंखाव्या; मग जुन्या पत्राची नक्कल करावी; मग रोजकीर्दीवरून खतावणी उतरावी; आणि हात बसल्यावर ताळेबंदास हात घालावा. तीर्थरूपांस कोणता मायना, चिरंजिवास कोणता, 'राजश्री' कोणास व 'अखंडितलक्ष्मीअलंकृत' कोणास, हें पुस्तकावरून न शिकतां गिरवून शिकावयाचें असे. एकाच बंदावर एकच मायना सात वेळां लिहिलेला आढळतो तो वेडगळपणा नव्हे. तो त्या मुलाचा धडा आहे. सातव्या ओळींत अक्षर पहिल्या ओळीपेक्षां सुटसुटीत झालेलें दिसतें, आणि दीडदोनशें वर्षांपूर्वींची एक सकाळ आपल्यापुढें उभी राहते.

या शिक्षणाचें सर्वांत नवलाचें उदाहरण म्हणजे सुहूर सन. पेशवेकालीन कागदावर वर्ष आंकड्यांनीं न लिहितां अरबी संख्यावाचकांनीं लिहीत : इहिदे, इसन्ने, सल्लास, आर्बा, खमस, सीत, सबा, समान, तिस्सा, अशर. दशकांस अशरीन, सल्लासीन, आर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. शंभरास मया, दोनशांस मयातैन, हजारास अलफ. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजीं झाला, तो 'इहिदे सितैन मया व अलफ' या वर्षांत, म्हणजे सुहूर ११६१ मध्यें. सूर्य मृग नक्षत्रीं जातो तेव्हां हें साल लागे, म्हणून त्यास मृगसाल असेंहि म्हणत. आतां देशावरील एखाद्या खेड्यांतला कुळकर्णी अरबी भाषा कोठें शिकला होता? त्याला त्या भाषेंतील एक वाक्य बोलतां आलें नसतें. तथापि हे वीसेक शब्द त्याच्या जिभेवर व बोरूवर पक्के बसले होते, कारण त्यांवांचून त्याचें एकहि पत्र पुरें होत नव्हतें. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें रचलेल्या राज्यव्यवहारकोशांत सुमारे १,४०० यावनी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. परंतु कारकुनाचा हात कोशापेक्षां शेजारच्या कारकुनाच्या कागदाचें अनुकरण अधिक करी, आणि रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद हे शब्द टिकून राहिले.

शिकाऊ हाताच्या चुकाहि मोलाच्या आहेत. सबा म्हणजे सात आणि सबैन म्हणजे सत्तर. 'सबैन मया व अलफ' लिहावयाच्या ठिकाणीं 'सबा मया व अलफ' लिहिलें गेलें कीं ११७० चे ११०७ होतात आणि कागद एकदम त्रेसष्ट वर्षें मागें जातो. अशा कागदास आपण बनावट ठरवितों, किंवा त्याच्या आधारें वंशावळच उलटीपालटी करितों. पण त्याच रुमालांत त्याच हाताचा, सबा-सबैनचा घोटाळा केलेला गिरवणीचा बंद मिळाला, तर निकाल लागावयास मदत होते. वतनाच्या तंट्यांत खोटे कागद पुष्कळ झाले हें खरें. परंतु लबाडी आणि कच्चेपणा या दोहोंत भेद करण्याचें साधन आपण स्वतः फेंकून देत आहों.

हिशेबाचें शिक्षणहि असेंच कामाशीं बांधलेलें होतें. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांची आज थट्टा होते. परंतु त्यांचा उपयोग पाहावा. सत्तावीस मापें धान्य दर मापास पाऊण रुपयाप्रमाणें विकलें तर सव्वावीस रुपये, हें पाऊणकी येणाऱ्या वाण्याच्या तोंडून माप रिकामें होण्यापूर्वींच निघे. जमिनीचें पाहावें. सभासदाच्या बखरींत शिवकालीन मोजणीची रीत आहे : पांच हात पांच मुठींची एक काठी, वीस काठ्या औरसचौरस तो एक बिघा, एकशेंवीस बिघे तो एक चावर. बिघ्याचे वीस पांड, म्हणजे एक पांड वीस चौरस काठ्यांचा. शेत लांबीला तीस काठ्या व रुंदीला नऊ काठ्या असेल, तर तीस ही विसाची दीडपट, म्हणून नवांची दिडकी साडेतेरा. शेत साडेतेरा पांड झालें. लांबी पन्नास असती तर अडीचकीनें साडेबावीस. सत्तर असती तर औटकीनें साडेएकतीस. गुणाकार व भागाकार न मांडतां बांधावर उभ्या उभ्या उत्तर येई. जमाखर्चांत आंकड्यापुढें उभी रेघ एक म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ही खूण ज्यास ठाऊक नाहीं असा वाचक आजहि १॥ यास दीड न म्हणतां एक म्हणून बेरीज चुकवितो, हा आमचा नित्याचा अनुभव आहे.

हें शिक्षण बाळपणीं संपत नसे. श्रीसमर्थांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस दिला आहे. अक्षर कसें वाटोळें व मोकळें असावें, ओळी कशा सारख्या असाव्या, आरंभींचें अक्षर व अखेरचें अक्षर एकसारखें कसें दिसावें, हें सांगतांना ते एक मार्मिक सूचना करितात. तरुणपणीं फार बारीक लिहूं नये. म्हातारपणीं तें उपयोगीं पडत नाहीं. मध्यम अक्षराचा अभ्यास ठेवावा. लिहिणाराच पुढें वाचणारा आहे, आणि त्याचे डोळे त्याच्याबरोबर वृद्ध होणार आहेत, ही जाणीव त्या उपदेशाच्या मुळाशीं आहे. एकाच लेखकाच्या पोथ्या कालक्रमानें लावून पाहिल्यास अक्षर वयाबरोबर कसें बदलतें हें संग्राहकांस स्वतःच ताडतां येईल. त्यासाठीं मात्र लेखकाच्या तरुणपणींचे कच्चे कागदहि हातीं असले पाहिजेत.

येथवर लेखणीवाल्यांविषयीं झालें. ज्यांस लेखणीपासून दूर ठेविलें त्यांचें काय, हा प्रश्न टाळून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. मुलींस पंतोजींच्या शाळेंत जागा नव्हती. अस्पृश्य मानिलेल्या जातींस तर ओसरीची पायरीहि बंद होती. थोर घराण्यांत कांहीं स्त्रिया घरच्या घरीं शिकत. गोपिकाबाई व आनंदीबाई यांचीं पत्रें उपलब्ध आहेत. रमाबाई रानडे यांचा विवाह इ. स. १८७३ मध्यें झाला, त्यानंतर पतीपाशीं त्या लिहावयास शिकल्या, व घरांतील स्त्रियांचा त्यास किती विरोध होता हें त्यांनींच आपल्या आठवणींत सांगितलें आहे. ज्याच्या हातीं लेखणी त्याच्या हातीं सत्ता, हें जोतीराव फुले यांनीं ओळखलें. इ. स. १८४८ मध्यें पुण्यांत त्यांनीं मुलींची शाळा काढली, आणि कुळकर्ण्याच्या कागदापुढें अडाणी शेतकरी कसा नाडला जातो तें पुढें 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत मांडलें. दप्तरांतील उमेदवारीचें आम्हीं वर केलेलें वर्णन वाचतांना ही दुसरी बाजू विसरतां कामा नये. जें शिक्षण घरांतून घरांत जातें तें घराबाहेर सहसा जात नाहीं.

तथापि निरक्षर म्हणजे अशिक्षित नव्हे, याचीहि साक्ष आपल्याच कागदांवर आहे. महजराच्या शेवटीं पाटलाची नांगराची निशाणी सर्वांच्या परिचयाची आहे. सुतार, लोहार, न्हावी इत्यादि बलुतेदारहि आपापल्या धंद्यांतील हत्याराची निशाणी करीत. ती करणारा मनुष्य मजकूर ऐकून, समजून, शेजाऱ्यांच्या देखत साक्ष देत होता. गांवची शीव कोठें, पाट कोणाचा, पूर्वीं निवाडा काय झाला, हें त्यानें पांढरींत बसून वडिलांच्या तोंडून शिकलेलें असे. तसेंच पोथीचें. श्रीधराचा हरिविजय इ. स. १७०२ चा, पांडवप्रताप १७१२ चा. वाचणारा एक, ऐकणारा सारा गांव. चातुर्मासांत आजोबा व नातू एकाच घोंगडीवर बसून तीच कथा दरसाल ऐकत, आणि दरसाल तींतून निराळें कांहीं घेऊन उठत. एखाद्या पोथीचीं कांहींच पानें तेलकट व कडेला झिजलेलीं असतात. तीं नीटनेटक्या प्रतीपेक्षां कमी किंमतीचीं समजणें चूक आहे. गांवानें कोणता प्रसंग पुनःपुन्हा मागितला हें तीं पानें सांगतात.

विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून गेली, आणि हे कागद वाचणारे हात थोडे उरले. आतां दप्तरांच्या छायाप्रती संगणकावर उतरविण्याचें काम हातीं घेतलें जातें तेव्हां श्रम व पैसा वांचविण्यासाठीं महत्त्वाचे कागद तेवढे घ्यावे असा मोह होणें स्वाभाविक आहे. म्हणून संग्राहकांस आमची विनंति तीन गोष्टींची आहे. गिरवण्या, पाढे व खोडलेले हिशेब ज्या रुमालांत मिळाले त्याच रुमालांत ठेवावे, वेगळे काढूं नयेत. कागदाच्या दोन्ही बाजूंची प्रत घ्यावी. पाठकोऱ्या म्हणून सोडलेल्या बाजूवरच बहुधा मुलाचा धडा असतो. आणि यादींत 'किरकोळ' न लिहितां काय आहे तें लिहावें : मायन्याची गिरवणी, अडीचकी चुकलेली, सालाचे शब्द, असें.

सनद एकदां झाली व राहिली. ती लिहिणारा हात मात्र रोज थोडाथोडा तयार होत होता. त्या रोजच्या तयारीचे कागद ज्यांच्या घरीं अद्याप शिल्लक आहेत, त्यांनीं ते बंबाजवळून उचलून पेटींत ठेवावे, एवढेंच आमचें मागणें आहे.