प्रेक्षकांची भक्ती आणि प्रेक्षकांचा विवेक

२५ जानेवारी १९८७ रोजी, रविवारी सकाळी, रामानंद सागर यांच्या ‘रामायण’ मालिकेचा पहिला भाग दूरदर्शनवरून प्रक्षेपित झाला. आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत ७८ भागांत ती कथा देशभर दाखविली गेली. त्या दीड वर्षातील रविवारच्या सकाळी आपल्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असतील. माणसे स्नान उरकून संचासमोर बसत, संचाला हार घालीत, उदबत्ती लावीत. अरुण गोविल व दीपिका चिखलिया ही नटमंडळी जेथे जातील तेथे वृद्ध माणसेही त्यांच्यापुढे वाकत. शहरातील काही विद्वानांनी ह्या भक्तीची थट्टा केली. यंत्रातले चित्र आणि देव्हाऱ्यातला देव ह्यांतील भेद ज्यांना उमगत नाही असे हे भोळे लोक, असा त्या थट्टेचा मथितार्थ होता. हा आरोप इतिहासाच्या आणि कायद्याच्या कसोटीस कितपत उतरतो, हे पाहणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

देवाची भूमिका घेतलेल्या नटाला नमस्कार करण्याची रीत दूरदर्शनने शिकविलेली नाही. कोकणात आणि गोव्यात जत्रेच्या रात्री देवळाच्या प्रांगणात दशावतार उभा राहतो, तेव्हा समोरचा विष्णू दिवसा शेतात राबणारा आपलाच गाववाला आहे हे प्रत्येकास ठाऊक असते. तरीही हात जोडले जातात. उत्तर कानडा जिल्ह्यातील कर्की गावच्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीस झाले, ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भावे यांना मराठीत तसे काही रचण्याची आज्ञा केली, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. म्हणजे मराठी नाटकाचा उगमच कानडी भूमीतील भक्तिनाट्याशी जोडलेला आहे.

त्याच १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्करांचा जन्म झाला. १८८० साली पुण्यास त्यांचे ‘शाकुंतल’ झाले व १८८२ साली ‘सौभद्र’ आले. ‘सौभद्रा’तील कृष्ण पाहावा. तो घरात युक्त्या लढवितो, थोरल्या भावाची समजूत घालतो, रुक्मिणीचा रुसवा काढतो. ह्या कृष्णाला पाहून आपले पणजोबा मनमुराद हसले, आणि घरी परतल्यावर त्याच कृष्णापुढे त्यांनी निरांजन लावले. हसणे आणि वंदन ह्यांत त्यांना विरोध भासला नाही. एकाच मनात दोन्ही जाणिवा सुखाने नांदत होत्या.

ह्याहूनही बोलके उदाहरण विष्णुपंत पागनीस यांचे आहे. ते निपाणीनजीकच्या चिकोडीचे. संगीत नाटकांत स्त्रीभूमिका करून नावारूपास आलेल्या ह्या नटाने १९३६ साली दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या, प्रभात कंपनीच्या ‘संत तुकाराम’ बोलपटात तुकोबांची भूमिका केली. मुंबईत तो बोलपट वर्षाहून अधिक काळ चालला. पुढे कित्येकांच्या मनात तुकोबांची मूर्ती म्हणजे पागनीसांचा चेहरा, असे समीकरणच झाले. परंतु त्या चेहऱ्यामुळे कोणी वारीची वाट सोडून चित्रपटगृहाची वाट धरली नाही. लोक देहूला जात राहिले, आणि पागनीसांनाही मान देत राहिले.

काशीजवळच्या रामनगरची रामलीला ह्या बाबतीत एक सूक्ष्म नियम शिकविते. तेथे राम, सीता व बंधू यांच्या भूमिकांसाठी निवडलेल्या बालकांना ‘स्वरूप’ म्हणतात. मुकुट चढला की ती बालके प्रत्यक्ष देव मानली जातात व त्यांची आरती होते. लीला संपून मुकुट उतरला की ती पुन्हा कोणाची तरी मुले होतात. आम्हा वकिलांना हे समजणे कठीण जाऊ नये. न्यायाधीश आसनस्थ होताना आम्ही उभे राहतो व मान लववितो, ती न्यायासनापुढे. सायंकाळी तेच गृहस्थ बाजारात भाजी घेताना भेटले, तर कोणी उभे राहावे असा कायदा नाही.

आता पुन्हा आपल्या सीमाभागाकडे वळू. बेळगावला लागून असलेल्या कंग्राळी बुद्रुक व कंग्राळी खुर्द ह्यांसारख्या गावांत त्या काळी दूरदर्शन संच थोडे, आणि पाहणारे फार. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेल्यापासून भाषेचा तंटा घराघरांत पोचला होता. २००४ साली तर महाराष्ट्र शासनाने तो सर्वोच्च न्यायालयात नेला. परंतु रविवारी सकाळी मराठी आणि कानडी शेजारी एकाच संचासमोर दाटीने बसत, आणि हिंदीत बोलणाऱ्या रामाचे दुःख दोघांनाही सारखेच उमगे. ही गोष्ट लहान नव्हे.

ह्या प्रेक्षकाची परीक्षा १९८८ ह्या एकाच वर्षात तीनदा झाली. पहिली ‘तमस’च्या निमित्ताने. फाळणीवरील ही गोविंद निहलानी यांची मालिका पाहून लोक भडकतील, सबब ती थांबवावी, अशी मागणी न्यायालयात झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या दोघा न्यायमूर्तींनी मालिका स्वतः पाहून प्रक्षेपणास मोकळीक दिली, व सर्वोच्च न्यायालयानेही बंदी नाकारली. नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी पूर्वी घालून दिलेलीच कसोटी तेथे मानली गेली: एखाद्या कृतीचा परिणाम समंजस व खंबीर मनाच्या माणसावरून मोजावा, दुबळ्या आणि डळमळीत मनाच्या माणसावरून मोजू नये.

दुसरी परीक्षा ‘होनी अनहोनी’ ह्या मालिकेची. तिच्यामुळे अंधश्रद्धा फैलावेल, असा लोकविज्ञान संघटनेचा आक्षेप होता. सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की दूरदर्शनवर चित्र दाखविण्याचा नागरिकाचा हक्क संविधानाच्या १९व्या अनुच्छेदातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, आणि त्याच अनुच्छेदाने घातलेल्या मर्यादांखेरीज त्यावर अन्य बंधन घालता येत नाही. आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. परंतु प्रेक्षकाला बालक समजून त्याच्या डोळ्यांवर हात ठेवणे कायद्याला मान्य झाले नाही.

तिसरी परीक्षा मतपेटीने घेतली. १९८८ च्या जून महिन्यात अलाहाबाद लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. ‘रामायण’ अद्याप चालू होते. अरुण गोविल काँग्रेसचे उमेदवार सुनील शास्त्री यांच्या प्रचारास गेले; प्रत्यक्ष राम मत मागावयास आले, असे त्याचे रूप होते. निवडून आले ते विश्वनाथ प्रताप सिंह. प्रयागच्या मतदाराने मत मात्र आपल्या विचाराने दिले. ज्याला चित्र आणि देव ह्यांतला भेद कळत नाही म्हणून हिणविले गेले, त्याच प्रेक्षकाचा हा निकाल आहे.

ह्याविरुद्ध पुरावा नाही असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९९१ साली गुजरातेतून दीपिका चिखलिया बडोद्याहून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठ्याहून लोकसभेवर निवडून आले. ‘महाभारत’ मालिकेतील कृष्ण, आपले मराठी नट नितीश भारद्वाज, १९९६ साली जमशेदपूरहून विजयी झाले. तेव्हा कीर्तीचा उपयोग होतो हे खरेच. तथापि सीता आणि रावण एकाच पक्षातर्फे, एकाच वेळी लोकसभेत पोचले. केवळ भूमिका पाहून मत पडले असते, तर रावणाची अनामत रक्कम जप्त व्हावयास हवी होती. पुढे १९९९ साली राजगढच्या मतदारांनी त्याच कृष्णाचा पराभव केला. आणि २०२४ साली अरुण गोविल मेरठहून विजयी झाले ते सुमारे साडेदहा हजारांच्या मताधिक्याने. लोकसभेच्या निवडणुकीत हे मताधिक्य देवत्वाचे म्हणता येणार नाही.

२८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या दिवसांत, देवळांची दारे बंद असताना ‘रामायण’ पुन्हा दाखविले गेले, आणि ज्यांनी ते बालपणी पाहिले होते त्यांनी आपल्या मुलांना जवळ बसवून ते पुन्हा पाहिले. त्या वेळीही कित्येक घरांत हात जोडले गेले. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. ती कर्कीच्या अंगणातून चालत आलेली रीत आहे.

मात्र रीत जतन करावयाची, तर तिची मर्यादाही जतन केली पाहिजे. अलीकडे जत्रा-उत्सवांना मालिकांतील नटांस मानाने पाचारण करण्याचा प्रघात वाढत आहे. त्यांचा कलावंत म्हणून सत्कार व्हावा, त्यांना श्रीफळ द्यावे, त्यांच्या अभिनयाची मोकळ्या मनाने वाखाणणी करावी. परंतु पेढी, पदार्थ वा पक्ष ह्यांची शिफारस ते करू लागतील, तेव्हा मुकुट उतरलेला आहे ह्याचे स्मरण ठेवावे, आणि आपल्या मुलांनाही ते द्यावे. हात जोडणे आणि हिशेब मागणे ही दोन्ही कामे आपल्या पूर्वजांना साधली होती. ती आपल्यालाही साधावीत.