मॉरिशस : विरोधकांचा लोकानुनय आणि कंपनीकर

हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटराष्ट्रात कंपन्यांच्या नफ्यावरील कर हा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकापासून राजकारणाच्या मध्यभागी आहे. देशाचे क्षेत्रफळ सुमारे २,०४० चौ. किमी. आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. तरीही एप्रिल २००० नंतर भारतात आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीचा मोठा भाग, बराच काळ पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक, कागदोपत्री या बेटावरून आलेला दिसतो. त्यामुळे तिथल्या निवडणुकीत कोणत्या कराविरुद्ध घोषणा दिल्या जातात आणि कोणत्या कराबद्दल सगळे पक्ष गप्प राहतात, याचे परिणाम भारतात रायपूरपर्यंत पोचतात.

या नोंदीत ‘लोकानुनय’ हा शब्द हिणवण्यासाठी वापरलेला नाही. मूठभरांच्या तिजोरीसमोर सामान्यांचे पोट उभे करून मते मागणारे राजकारण, एवढाच त्याचा अर्थ. मॉरिशसमध्ये या मांडणीला खरा आधार होता. मोठे ऊसमळे आणि साखर कारखाने प्रामुख्याने फ्रेंच वंशाच्या थोड्या घराण्यांकडे होते. ऊस तोडणारे बहुतेक लोक भारतातून गिरमिटावर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर, नेलेल्या मजुरांचे वंशज होते.

त्यांत मराठी माणसेही होती. १८३४ नंतरच्या दशकांत मुंबई बंदरातून कोकणातली कुटुंबे तिकडे गेली. आज त्यांच्या घरांत बहुधा क्रिओल बोलली जाते, मराठी शाळेत शिकवली जाते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. जनगणनेत मराठी ही वेगळी भाषा म्हणून नोंदवली जाते; संविधानातील जागांच्या हिशेबात मात्र मराठी भाषक ‘हिंदू’ या गटात धरले जातात. उमेदवारी देताना पक्ष अशाच गटांची बेरीज करत आले आहेत. ही बेरीज बाजूला सारून मालक आणि मजूर अशी विभागणी करू, असे म्हणत १९६९ मध्ये ‘मुव्हमाँ मिलिताँ मोरिसियँ’ (एमएमएम) हा पक्ष पॉल बेराँजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केला. जातगटांच्या राजकारणातून बाहेर पडायचे तर समोर वेगळा प्रतिस्पर्धी हवा होता. तो कंपनीच्या रूपाने सापडला.

सापडायला कारणही घडले. १९७० मध्ये शिवसागर रामगुलाम यांच्या सरकारने निर्यातप्रधान उद्योगांसाठी कायदा केला. कपडे शिवून परदेशी पाठवणाऱ्या कारखान्यांना त्यात करसुट्टी, शुल्कमाफी आणि स्वस्त मजूर मिळाले. एका साखरेवर जगणाऱ्या, बेकारीने गांजलेल्या देशापुढे दुसरा मार्ग फारसा नव्हता, हे मान्य करायला हवे. पण कारखान्यांत बहुतांश मुली आणि स्त्रिया कामाला लागल्या, वेतन तुटपुंजे राहिले, आणि मालकाला कर नाही हे मजुराला रोज दिसत होते. एमएमएमच्या कामगार संघटनांनी १९७१ मध्ये संप घडवले. डिसेंबरमध्ये आणीबाणी लागली, नेते तुरुंगात गेले, निवडणुका लांबल्या. २० डिसेंबर १९७६ रोजी मतदान झाले तेव्हा ७० पैकी ३४ जागा जिंकून एमएमएम सर्वांत मोठा पक्ष ठरला. रामगुलाम यांच्या मजूर पक्षाची आघाडी आणि गाएताँ द्युवाल यांचा पक्ष एकत्र आले आणि त्याला सत्तेबाहेर ठेवले. त्या प्रचारात रामगुलाम यांनी मोफत माध्यमिक शिक्षणाचे वचन दिले होते व १९७७ मध्ये ते पाळले. लोकानुनय विरोधकांपुरता राहिला नाही, तो इथपासून.

११ जून १९८२ रोजी एमएमएमच्या आघाडीने मॉरिशस बेटावरच्या सर्व ६० जागा जिंकल्या. ‘साठ-शून्य’ हा शब्दप्रयोग तेव्हा रूढ झाला आणि १९९५ मध्ये पुन्हा तसाच निकाल लागल्यावर पक्का झाला. १९८२ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथ पंतप्रधान झाले, बेराँजे अर्थमंत्री. बारा वर्षे कंपन्यांविरुद्ध बोललेल्या माणसाच्या हाती तिजोरीची किल्ली आली. तिजोरी रिकामी होती आणि नाणेनिधीच्या अटी समोर होत्या. त्यांनी काटकसर स्वीकारली. मार्च १९८३ मध्ये सरकार फुटले.

पण त्या थोड्या महिन्यांतच, २४ ऑगस्ट १९८२ रोजी, भारत आणि मॉरिशस यांच्यात दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार झाला. शेअर विकून होणाऱ्या नफ्यावर कर घेण्याचा हक्क विक्रेता ज्या देशाचा रहिवासी त्या देशाला, असे त्याच्या १३व्या कलमाने ठरवले. मॉरिशसमध्ये असा भांडवली नफाकर नव्हताच. म्हणजे मॉरिशसमध्ये नोंदलेल्या कंपनीने मुंबईच्या बाजारात शेअर विकले, तर भारत कर घेऊ शकत नव्हता आणि मॉरिशस घेत नव्हता. १९९१ नंतर भारताचा बाजार परकीयांना खुला झाला, १९९२ मध्ये मॉरिशसने परदेशी व्यवहारांच्या कंपन्यांसाठी वेगळा कायदा केला, आणि पोर्ट लुईच्या कचेऱ्यांत फलकामागून फलक लागत गेले. तिथे वकील, लेखापाल, बँक कर्मचारी यांचा एक मध्यमवर्ग उभा राहिला.

या करारावर मॉरिशसच्या कोणत्याही मोठ्या पक्षाने निवडणूक लढवली नाही. प्रस्तुत नोंदकाराच्या मते इथेच या विषयाचे मर्म आहे. लोकानुनयी विरोधकाला चिडलेला मतदार लागतो, आणि या कराराने ज्याचे नुकसान होत होते तो मतदार बेटावर नव्हता. तो भारतात होता. साखरेवरचा कर, घरावरचा कर, पेन्शन यांवर सरकारे हादरली. कंपन्यांच्या सवलतीवर मात्र १९८२ नंतर आलेल्या प्रत्येक सरकारने आधीच्याच धोरणाची राखण केली.

विरोध झाला तो भारतात. १३ एप्रिल २००० च्या परिपत्रकाने केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने मॉरिशसचे रहिवास प्रमाणपत्र पुरेसे मानले. ‘आझादी बचाओ आंदोलन’ न्यायालयात गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००२ मध्ये परिपत्रक रद्द केले. ७ ऑक्टोबर २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. विकसनशील देशाला भांडवलासाठी अशी वाट खुली ठेवावीशी वाटू शकते, असा न्यायालयाचा रोख होता. या आंदोलनाचे सर्वपरिचित वक्ते राजीव दीक्षित यांचे निधन ३० नोव्हेंबर २०१० रोजी रायपूरशेजारच्या भिलाईत झाले. त्यांच्या इतर अनेक दाव्यांशी सहमत होता येत नाही; पण कराराच्या मुद्द्यावर या आंदोलनाने विचारलेला प्रश्न रास्त होता आणि तो फार थोड्यांनी विचारला.

मॉरिशसमध्ये लोकक्षोभ कुठे पेटतो याचा धडा २००६ नंतरच्या घटनांत आहे. २००५ मध्ये शिवसागर यांचे पुत्र नवीनचंद्र रामगुलाम सत्तेवर आले आणि वृद्ध व विद्यार्थ्यांना बसप्रवास मोफत झाला. त्याच सुमारास कपड्यांचा जागतिक कोटा संपला होता आणि युरोपने साखरेचा भाव ३६ टक्क्यांनी उतरवायचे ठरवले होते. अर्थमंत्री रामा सितानेन यांनी कंपनीकर २५ टक्क्यांवरून दोन टप्प्यांत सरसकट १५ टक्क्यांवर आणला, आणि सोबत राहत्या घरांवर व बँकेच्या व्याजावर कर बसवला. कंपन्यांना सवलत आणि निवृत्ताच्या ठेवीवर कर, हे चित्र विरोधकांनी घरोघर पोचवले. २०१० च्या निवडणुकीत सितानेन यांना उमेदवारीच मिळाली नाही. नवे अर्थमंत्री प्रविंद जगन्नाथ यांनी घरांवरचा आणि व्याजावरचा कर काढून टाकला. कंपन्यांचा १५ टक्के दर जसाच्या तसा राहिला. परदेशी व्यवहारांच्या कंपन्यांना तर त्यातही ८० टक्के वजावट मिळत असे, म्हणजे प्रत्यक्ष भार ३ टक्क्यांपर्यंत खाली येई.

पुढच्या निवडणुका पेन्शनवर झाल्या. २०१४ मध्ये विरोधात असलेल्या अनिरुद्ध जगन्नाथ यांनी ज्येष्ठांना दरमहा ५,००० रुपये देऊ म्हटले आणि रामगुलाम-बेराँजे युतीला हरवले. २०१९ मध्ये प्रविंद यांनी १३,५०० चा आकडा दिला. (हे मॉरिशियन रुपये.)

दरम्यान बाहेरून दबाव वाढला. १० मे २०१६ च्या दुरुस्तीने १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांच्या नफ्यावर कर घेण्याचा हक्क भारताला मिळाला. जानेवारी २०१९ पासून मॉरिशसने परदेशी व्यवहारांच्या कंपन्यांची जुनी वजावट बदलली. फेब्रुवारी २०२० मध्ये देश काळ्या पैशाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय गटाच्या करड्या यादीत गेला आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बाहेर आला. हे बदल घडले ते नवी दिल्ली, पॅरिस (हा आंतरराष्ट्रीय गट) आणि ब्रसेल्स (युरोपीय संघ) यांच्या रेट्याने. पोर्ट लुईच्या सभांमुळे नव्हे.

रायपूरच्या चौबे कॉलोनीत, महाराष्ट्र मंडळाच्या परिसरात बसून ही नोंद लिहिताना हा हिशेब दूरचा राहत नाही. इथले मराठी लोक नागपूरकर भोसल्यांच्या राज्याबरोबर आणि नंतर रेल्वे, शाळा, कचेऱ्यांतील नोकऱ्यांमुळे आले. मॉरिशसचे मराठी लोक गिरमिटावर गेले. दोन्हीकडे मराठी माणूस आपल्या मूळ प्रदेशाबाहेर, दुसऱ्या भाषेच्या राज्यात नांदतो. त्यांना जोडणारा आणखी एक धागा कराचा आहे. केंद्राच्या कंपनीकरातून अधिभार व उपकर वगळता ४१ टक्के राज्यांना मिळतात, आणि पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी त्यात छत्तीसगडचा वाटा ३.४०७ टक्के, तर महाराष्ट्राचा ६.३१७ टक्के ठरवला. त्या काळात ढोबळ हिशेबाने केंद्राने गोळा केलेल्या शंभर रुपयांमागे छत्तीसगडला १ रुपया ४० पैसे आणि महाराष्ट्राला २ रुपये ५९ पैसे. भांडवली नफ्यावरचा आयकरही याच वाटणीत येतो. मॉरिशसच्या वाटेने जो कर भारताला घेता आला नाही, त्यातले हे पैसे बस्तरच्या आश्रमशाळांना आणि गडचिरोलीच्या दवाखान्यांना लागले असते. दर उतरवण्याची स्पर्धाही एकट्या मॉरिशसची नाही: सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने नव्या उत्पादक कंपन्यांसाठी मूळ दर १५ टक्के केला, म्हणजे मॉरिशसचाच आकडा.

१० नोव्हेंबर २०२४ रोजी मॉरिशसमध्ये तिसऱ्यांदा ‘साठ-शून्य’ झाले. फोन-टॅपिंगच्या प्रकरणाने गाजलेल्या निवडणुकीत नवीनचंद्र रामगुलाम आणि बेराँजे विरोधातून सत्तेत आले. सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे ९० टक्क्यांवर पोचले होते. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात २ कोटी ४० लाख मॉरिशियन रुपयांहून अधिक करपात्र उत्पन्न असलेल्या कंपन्यांवर जादा वर्गणी बसली, १५ टक्के दराने कर देणाऱ्यांना ५ टक्के. बहुराष्ट्रीय कंपन्यांवर किमान १५ टक्के भार पडेल अशी तरतूदही झाली. कंपन्यांवरची वर्गणी तीन वर्षांसाठी आहे. त्याच अर्थसंकल्पाने पेन्शनचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याचे ठरवले, त्याला मुदत नाही. आणि कामगार संघटना पोर्ट लुईच्या रस्त्यावर उतरल्या त्या पेन्शनसाठी.