गळाची काठी आणि कांडी



हिंगोलीस माझा एक भाचा राहतो. सुटीच्या दिवशीं सिद्धेश्वरच्या जलाशयावर गळ टाकून बसण्याचा त्याला नाद आहे. गेल्या उन्हाळ्यांत त्याचा मला निरोप आला : “मामा, अमेरिकेंत बास माशाकरितां वापरतात तशी एक हलकी काठी आणि तिला जुळणारें रीळ घ्यावयाचें आहे. कोणतें घेऊं?” प्रश्न साधा होता, पण त्याच्यामागें एक हकीकत होती, ती त्यानें दुसऱ्या निरोपांत कळविली. आदल्या वर्षीं एका दुकानदाराच्या सांगण्यावरून त्यानें चांगली जाडजूड काठी घेतली होती. ती निघाली समुद्रकिनाऱ्यावर वापरण्याच्या जातीची. तिनें हलकें आमिष दहा हातांपलीकडे जाईना. आणि एके सायंकाळीं मोठा मरळ मासा गळाला लागला तेव्हां काठी तसूभरही वांकली नाहीं, दोरा मात्र ताडकन् तुटला. मासा तोंडांत गळ घेऊन खोल पाण्यांत गेला. “मासा गेला त्याचें कांहीं वाटत नाहीं,” भाच्यानें लिहिलें होतें, “पण तो त्या गळासकट जगला असेल कीं नाहीं, हें मनांतून जात नाहीं.”

त्याला उत्तर द्यावें म्हणून मीं कांहीं जुनीं पुस्तकें काढलीं, आणि उत्तर लांबत गेलें. तें लांबलेलें उत्तरच आज आपणांस ऐकवीत आहें.

प्रथम बास माशाची गोष्ट उरकून घेऊं. ज्याला अमेरिकेंत ब्लॅक बास म्हणतात तो उत्तर अमेरिकेच्या नद्यांतला व तळ्यांतला रहिवासी. आपल्या कोंकणांतील खाड्यांत मिळणाऱ्या जिताड्यास इंग्रजींत आशियाचा समुद्री बास म्हणतात. पण हे दोघे नांवाचे भाऊबंद, एका घरचे नव्हत. हिंगोलीच्या पाण्यांत या दोहोंपैकीं एकही नाहीं. तरीही भाच्याचा प्रश्न अगदींच परका नाहीं. कारण बास हा शेवाळाच्या आणि बुडालेल्या झाडाझुडपांच्या आडोशास दबा धरून बसणारा शिकारी मासा आहे, आणि आपला मरळही नेमका तसाच.

आतां गळाच्या काठीकडे वळूं. काठी, दोरी आणि आमिष घेऊन केवळ मौजेखातर मासे धरण्याचा खेळ आपल्याकडे साहेबानें आणला, अशी आपल्यापैकीं पुष्कळांची समजूत आहे. हिंगोलीस तर ही समजूत सहज रुजावी, कारण निजामाच्या चाकरींतील व इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील फौजेची छावणी तेथें दीर्घकाळ होती. १९०३ सालीं ती हैदराबाद कंटिंजंट फौज हिंदुस्थानच्या सैन्यांत विलीन झाली आणि छावणी उठली. साहेब गेले, कांहीं शब्द आणि कांहीं संवयी मागें राहिल्या. त्यांतच हा गळाचा खेळ, असें आपण धरून चालतों.

परंतु हिंगोलीच्या दक्षिणेस, आजच्या कर्नाटकांतील बसवकल्याण येथें, म्हणजेच जुन्या कल्याणीस, बाराव्या शतकांत चालुक्यांचें सिंहासन होतें. तेथील राजा तिसरा सोमेश्वर यानें ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ नांवाचा प्रचंड संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या पांच विंशति, म्हणजे एकूण शंभर अध्याय. राज्यकारभारापासून स्वयंपाकापर्यंत त्यांत काय नाहीं असें नाहीं. मराठी वाचकांस हा ग्रंथ ठाऊक असतो तो बहुधा एका वेगळ्या कारणानें : महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, असा उल्लेख त्यांत आहे. त्याच ग्रंथाच्या चौथ्या विंशतींत राजाच्या करमणुकींचे वीस ‘विनोद’ सांगितले आहेत, आणि त्यांपैकीं एक आहे मत्स्यविनोद.

बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत श्रीगोंदेकरांनीं १९२५ पासून हा ग्रंथ संपादून छापावयास आरंभ केला. पुढें प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनीं १९५१ सालीं मत्स्यविनोदाचा अभ्यास कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला, तेव्हां जगांतल्या मत्स्यशास्त्रज्ञांचें लक्ष तिकडे गेलें. सोमेश्वर सुमारें पस्तीस जातींचे मासे सांगतो. समुद्रांतले कोणते, नदींतले कोणते. खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते. कोणाला कोणतें खाद्य रुचतें, हा सर्व विचार त्यांत आहे. काठी, दोरी, गळ, आमिष यांचें विवेचन आहे, आणि पाण्यांत ठराविक जागीं खाद्य घालून माशांना तेथें येण्याची संवय लावावी हेंही आहे. इंग्रजी भाषेंतील काठीनें मासे धरण्यावरचें पहिलें छापील प्रकरण १४९६ सालचें; म्हणजे सोमेश्वरानंतर साडेतीनशेंहून अधिक वर्षांनीं झालेलें. तेव्हां या खेळाचें पितृत्व साहेबाकडे देण्याचें कारण नाहीं. अर्थात् सोमेश्वरानें हें ज्ञान आकाशांतून आणलें नाहीं. गोदावरी-कृष्णेच्या खोऱ्यांतील कोळी-भोयांनीं पिढ्यान् पिढ्या जें जपलें, तेंच राजाच्या लेखकांनीं श्लोकांत बांधलें असावें, असें मला वाटतें.

या माझ्या तर्काला बळकटी देणारी एक गोष्ट पुढच्या काळांत घडली. मुंबई सरकारच्या चाकरींतील लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यानें दख्खनच्या माशांचें वर्णन १८३९ सालीं प्रसिद्ध केलें. नवीन जातींना लॅटिन नांवें देतांना त्यानें काय करावें? जाळें टाकणाऱ्यांच्या तोंडचीं नांवेंच उचललीं! खुद्री, कोलूस, मुल्या, वटाना हीं मराठी नांवें लॅटिनचा वेष घेऊन आज जगांतल्या प्रत्येक मत्स्यसंग्रहालयांत बसलीं आहेत. दख्खनच्या महाशीराचें शास्त्रीय नांव ‘टॉर खुद्री’ आहे, त्यांतला उत्तरार्ध पुण्याजवळच्या कोणा भोयाच्या तोंडचा. त्याचें स्वतःचें नांव मात्र कोणी टिपून ठेवलें नाहीं.

असो. साहेबाचें खरें देणें काठी नव्हे; तें काठीवर बसविलेलें रीळ. काठीच्या शेंड्याला बांधलेली दोरी फार तर काठीच्या दीडपट-दुप्पट लांब ठेवतां येते. मोठा मासा जोरानें पळाला कीं तिचा शेवट येतो, आणि मग एक तर दोरी तुटते नाहीं तर काठी. दोरीचा सांठा काठीवरच ठेवावा आणि माशाला हवी तेवढी सोडावी, ही युक्ति चीनांत फार जुनी : सुमारें ११९५ च्या मा युआनच्या एका चित्रांत होडींतल्या कोळ्याच्या काठीवर चक्क रीळ दिसतें. इंग्लंडांत त्याचा उल्लेख येतो १६५१ सालीं. ‘द रॉड इन इंडिया’ हें पुस्तक हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यांतील मुलकी अधिकाऱ्यानें १८७३ सालीं लिहिलें, तोंवर महाशीरामागें धांवणाऱ्या साहेबांच्या काठ्या जड लांकडाच्या आणि रिळें भक्कम पितळेचीं झालीं होतीं. महाशीर हा पाण्यांतला मल्ल. त्याच्यासाठीं तें शोभूनही दिसे.

पण या सर्व रिळांत एक खोट होती. ती समजावयास पतंगाची फिरकी आठवावी. ढील देतांना फिरकी गरगर फिरते, आणि पतंग थबकला तरी ती आपल्या वेगानें फिरतच राहते. मांजा सैल सुटून त्याचा गुंता होतो. जुन्या रिळाचें तसेंच. आमिष फेंकलें कीं चाक फिरूं लागावयाचें, आणि चाकाला फिरविण्याइतका जोर आमिषांत हवा. म्हणून आमिष जड. जड आमिष फेंकावयास काठी राठ. राठ काठीला दोरी जाड. एक जडपणा दुसऱ्याला जन्म देत होता.

ही सांखळी तोडली ती ब्रॅडफर्डच्या एका गिरणीवाल्यानें. ब्रॅडफर्ड हें यॉर्कशायरमधील लोंकरीच्या कापडाचें गांव, आणि आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ तेथल्या कापड-धंद्यांतल्या घराण्याचा. गिरणींतल्या कांड्यांवरून सुटणारें सूत पाहून त्याला कल्पना सुचली, असें सांगतात. आपल्याकडे ज्यानें हातमाग पाहिला असेल त्याला ती सांगावयासही नको. धोट्यामधली कांडी फिरत नाहीं. ती स्थिर असते, आणि सूत तिच्या टोंकावरून सरसर निसटत जातें. इलिंगवर्थनें रीळ काठीशीं आडवें न बसवितां कांडीसारखें तिच्या रोंखानें बसविलें आणि तें स्थिर ठेवलें. फेंकतांना दोरा टोंकावरून सुटतो. गुंडाळतांना एक आंकडा दोरा धरून कांडीभोंवतीं फिरतो. १९०५ सालीं त्यानें याचें पेटंट घेतलें. चाकच फिरावयाचें नाहीं, तेव्हां त्याला फिरविण्याचा जोर कशाला? दोन मासे वजनाचें आमिषसुद्धां आतां वीस-पंचवीस हात सहज जाऊं लागलें. (हे मासे तराजूंतले, पाण्यांतले नव्हत.)

मला या शोधाचें फार कौतुक वाटतें. हजारों विणकर शतकानुशतकें ही स्थिर कांडी पाहत होते, आणि हजारों कोळी फिरत्या चाकाचा गुंता सोडवीत होते. दोघांची गांठ पडावयास १९०५ साल उजाडावें लागलें. हिंगोली तर कापसाची जुनी पेठ!

पुढचा इतिहास झपाट्याचा आहे. काठीच्या बाबतींत, बांबूच्या चिरफळ्या चिकटवून लवचिक काठी करण्याची कला अमेरिकेंत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कांचतंतूची काठी आली, आणि १९७३ पासून कार्बनतंतूची. दोऱ्याच्या बाबतींत रेशीम मागें पडलें आणि १९३८-३९ नंतर नायलॉन आलें. बारीक, गुळगुळीत, पाण्यानें न फुगणारें नायलॉन मिळालें तेव्हांच इलिंगवर्थची कांडी घरोघर पोंचली. मात्र नायलॉन कुजत नाहीं. सोमेश्वराच्या काळीं झाडाच्या सालीचा दोर तुटून पाण्यांत राहिला तर कालांतरानें पाण्याचाच होऊन जात असेल; आपला तुटलेला दोरा वर्षानुवर्षें तेथेंच पडून राहतो, आणि त्यांत कासव गुंततें, पाणकावळा गुंततो. भाच्याच्या मनाला लागलेली गोष्ट लहान नाहीं, ती यासाठीं.

आतां त्याला मीं काय सांगितलें तें सांगतों. काठी साडेसहा फुटांच्या आंतबाहेर, कार्बनची, शेंड्याकडे सहज वांकणारी पण मधल्या भागांत जीव असलेली. दोरा तीन-चार किलो ताण सोसणारा. रीळ अडीचशें ग्रॅमच्या आंतलें. किंमत पाहण्याआधीं रीळ काठीला लावून, जेथें मूठ धरतों तेथें एका बोटावर काठी तोलून पाहावी. शेंडा खालीं झुकत असेल तर ती काठी कितीही नामांकित असो, दोन तासांत मनगट भरून येतें. रिळावर ताण सोडण्याची एक कळ असते, ती दोऱ्याच्या शक्तीच्या चौथाईवर लावावी; म्हणजे दोरा तुटण्यापूर्वीं रीळच सुटूं लागतें. आदल्या वर्षीं त्याच्या माशाला कोणी सूट दिली नाहीं. काठी वांकली नाहीं आणि रीळ सुटलें नाहीं. मग तुटावयास दोऱ्यावांचून कोण उरलें?

परंतु एक गोष्ट मीं त्याला जरा कठोरपणेंच लिहिली. काठी केवळ माशावरून निवडूं नये, पाण्यावरून निवडावी. सिद्धेश्वर आणि येलदरीचीं धरणें पूर्णेवर १९६८ च्या सुमारास पुरीं झालीं. त्यांच्या उघड्या पाण्यांत ही हलकी काठी उत्तम. पण कयाधूच्या एखाद्या शेवाळलेल्या डोहांत मरळ असेल तर हलका दोरा घेऊन त्याच्यामागें लागणें म्हणजे पुन्हा तोंडांत गळ ठेवून त्याला सोडणें होय. तेथें दोरा जाडच हवा, अथवा गळच टाकूं नये. आणि मरळ मासा पिलांची राखण करतो. पावसाळ्यांत तांबूस पिलांचा थवा पाण्यावर दिसला कीं खालीं आईबाप आहेतच असें समजावें. पिलांवर झेप येईल या भीतीनें तो कोणत्याही आमिषावर तुटून पडतो. त्या वेळीं त्याला धरणें फार सोपें, आणि म्हणूनच धरूं नये.

आणखी एक. महाराष्ट्रांत जलाशयांतील मासेमारीचे ठेके मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना दिलेले असतात. काठावर जाऊन पहिला गळ टाकण्यापूर्वीं तेथल्या भोयांना विचारावें, हें मीं त्याला बजावलें. ज्यांच्या पूर्वजांचें ज्ञान राजानें श्लोकांत घातलें आणि साहेबानें लॅटिनमध्यें, त्यांना विचारल्यावांचून पाण्यांत दोरा सोडणें मला तरी प्रशस्त वाटत नाहीं.

भाच्यानें विचारलें. तेथल्या एका म्हाताऱ्या भोयानें काठी हातांत घेऊन बराच वेळ वांकवून पाहिली, रीळ फिरविलें आणि म्हणाला, “ही तर धोट्यातली कांडी.” इलिंगवर्थचें नांव त्यानें कधीं ऐकलें नसेल.

दिवाळीस मी हिंगोलीस जाणार आहें. काठी भाच्यानें घेतली आहे. कांडीवर दोरा मात्र मी येईपर्यंत भरूं नये, असें त्याला कळविलें आहे. या कांडींत एकच दोष : दोरा उलट्या अंगानें भरला तर त्याला पीळ चढतो, आणि तो पीळ मग कोणालाच निघत नाहीं.